आक्कांचा परवा

आक्कांच्या आयुष्यात काल नव्हता. आज होता, उद्याही होता. त्याच्या मागे आणि पुढे जे काही होतं त्या सगळ्याला त्यांचा एकच शब्द होता, परवा. थोरलीचं लग्न परवा झालं होतं, आणि त्या थोरलीचा मुलगा दुसरीत शिकत होता. गावचा माळ कंपन्यांना गेला तोही परवाच. नातू शिकून साहेब होणार होता तोही परवाच. आपल्या भाषेनं हा शब्द दोन्ही बाजूंनी उघडा ठेवलाय. होऊन गेलेल्या दिवसालाही तोच आणि यायच्या दिवसालाही तोच. बाकीची माणसं क्रियापद बघून वाट काढतात. आक्का क्रियापदाचीही फारशी पर्वा करायच्या नाहीत. लाइनवरच्या बायका त्यांना परवाआक्का म्हणायच्या, आणि तोंडावर म्हणायच्या.

मी ठेकेदारीतल्या कामगारांच्या एका लहानशा संघटनेचं काम करते. लहानशी म्हणजे दापोडीला रेल्वेलाइनच्या कडेला एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि पत्रकांचे गठ्ठे. पत्रकं मी लिहिते. आक्कांची आणि माझी ओळख पत्रकामुळेच झाली. चाकणच्या पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या गेटवर, पहिल्या शिफ्टच्या बायका आत जात असताना मी कागद वाटत होते. मथळा होता, 'कामगार भगिनींनो, आता तरी जाग्या व्हा!' पुढे तीन उद्गारचिन्हं. बहुतेकींनी घडी करून पिशवीत टाकला. एक ठेंगणी, काटक बाई मात्र बाजूला थांबली आणि अक्षराखाली बोट सरकवत मोठ्यानं वाचू लागली. मथळ्यापुढे ती गेलीच नाही.

"का गं पोरी, आमी झोपलो कवा व्हतो?"

मी म्हटलं, तसं नाही, ते अन्यायाबद्दल आहे.

"मी चारला उठून दोन मानसांचा डबा करून आलीया. तू कवा उठलीस?"

मी साडेपाचला उठले होते. खोटं बोलायची सवय नाही, म्हणून सांगितलं.

"मंग हे तुझ्याच घरात चिकटव," असं म्हणून त्यांनी कागद मला परत दिला आणि आत गेल्या. त्यांच्या मागच्या दोघी-तिघी एवढ्या हसल्या की वॉचमनही हसला. ते वाक्य मी पुन्हा कधी छापलं नाही.

कारखान्यात मोटारीच्या आत बसणाऱ्या वायरींच्या जुड्या बांधायचं काम चालायचं. जुड्या हा आक्कांचा शब्द. कंपनी काहीतरी लांबलचक इंग्रजी म्हणायची. आक्का म्हणायच्या, मेथीची बांधायचो तशी आता तारंची बांधतो. आत जाताना मोबाइल आणि घड्याळ गेटवर जमा करावं लागे. शेडला खिडकी नाही, आणि भिंतीवर जो मोठा आकड्यांचा बोर्ड होता त्यावर वेळ नव्हती, किती माल निघायला हवा होता आणि किती निघाला एवढंच होतं. आठ तास बायकांना वाजले किती ते कळू द्यायचं नाही, हा कुणाच्या तरी डोक्यातून निघालेला शहाणपणा. पण आक्कांना कळायचं. ऊन चढलं की छपराचा पत्रा तापून एका ठरावीक जागी 'टण्' करायचा. आक्का मान वर न करता म्हणायच्या, "पत्रा बोलला. अकरा." आणि दहा मिनिटांत चहा यायचा.

सुपरवायझरला वाटलं, या बाईनं मोबाइल लपवलाय. त्यानं एका बाईकडून त्यांची झडती घेतली, सगळ्यांसमोर, लाइनच्या शेवटाला. काही निघालं नाही. आक्का पदर सारखा करत त्याला म्हणाल्या, "गावला का? न्हाई ना? मंग शिडी आना आन् पत्रा जमा करून घ्या गेटवर." हा प्रसंग मला त्यांनी हसत सांगितला. मी त्यावर चार परिच्छेदांचं पत्रक लिहिलं, 'स्त्रीत्वाची विटंबना' वगैरे. ते वाचून त्या म्हणाल्या, "समदं बराबर हाय. पन पत्र्याचं का लिवलं न्हाईस? बायका तेवढंच वाचतील."

आक्का थोर होत्या असं मी म्हणत नाही. मिजास त्यांच्यात भरपूर होती, आणि एकदा ती सगळ्या लाइनला भोवली. ऑफिसातला एक तरुण इंजिनिअर स्टॉपवॉच घेऊन एकेकीच्या मागे उभा राहायचा. आक्कांनी त्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, यानं वेळ मोजतात, आणि बटण दाबून काटा थांबवून दाखवला. आक्का म्हणाल्या, "थांबलेलं घड्याळ आमी कपाटात टाकतो, साहेब. तुमी त्यावर मोजता?" बायका हसल्या. इंजिनिअर चिडला आणि म्हणाला, "आजी, तुमच्याकडून काही पन्नास सेकंदांत जुडी व्हायची नाही." आजी म्हटल्यावर संपलंच. आक्कांनी चाळिसात करून दाखवली. एक नाही, लागोपाठ पाच.

दुसऱ्या आठवड्यात सगळ्या लाइनला चाळीस सेकंद लागू झाले.

परभणीकडची मनीषा तेव्हा आक्कांच्या शेजारी बसायची. वायर धरायला तिला आक्कांनीच शिकवलेलं. ती जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत म्हणाली, "आक्का, मिजास तुमची, आन् बोकांडी बसली आमच्या. माझी बोटं बघा." तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. त्यांनी डब्यातली भाजी तिच्यापुढे सरकवली, तिनं ती परत सरकवली. पुढे दोघी बोलायला लागल्या, पण त्या दिवसाचा विषय काढला की आक्का उठून हात धुवायला जायच्या.

आता ब्रेकबद्दल. ज्यांना ठेकेदारीतलं माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, ज्यांना माहीत नाही त्यांनी दोनदा वाचावा. कायदा म्हणतो, माणूस सलग अमुक इतके दिवस कामावर राहिला की त्याला काही हक्क मिळतात. म्हणून ठेकेदार सात महिने झाले की बाईला काढतो. आठ-दहा दिवस घरी बसवतो. मग परत बोलावतो, नवं कार्ड, नवा नंबर, रुजू झाल्याची नवी तारीख. तीच बाई, तीच खुर्ची, तीच जुडी. कागदावर आक्का सात महिन्यांच्या वर कधी गेल्याच नाहीत. एखादं बाळ बारशानंतर पुन्हा पुन्हा जन्माला घालावं तसा हा प्रकार, आणि याला व्यवस्थापन म्हणतात.

आक्का ब्रेकला ब्रेक म्हणत नसत, धोंडा म्हणायच्या. अधिक महिन्याला गावाकडे धोंड्याचा महिना म्हणतात. तो येतो, जातो, माणूस त्यात जेवतो-झोपतो, पण त्याला वर्षाच्या बारा महिन्यांत जागा नसते. "तसंच हाय हे," त्या म्हणायच्या. "दिस असत्यात, पन धरायचे न्हाईत." मनीषानं एकदा म्हटलं, आक्का, धोंड्यात तर जावयाला ताट-वाण द्यावं लागतं. आक्का म्हणाल्या, "मंग? आमचा जावई ठेकेदार. दर सात महिन्यांनी रुसतोय." शब्द लाइनभर झाला. एखादी दिसली नाही की बायका म्हणायच्या, तिला धोंडा लागलाय.

एका शनिवारी दुपारी आक्का दापोडीच्या खोलीवर आल्या. पहिल्यांदाच. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मला काढलं."

"कधी?"

"परवा."

मी ताबडतोब तक्रार लिहायला घेतली. परवाची तारीख टाकली: अमुक तारखेला सकाळी अर्जदार कामावर गेली असता तिला गेटवर अडवण्यात आलं. एवढं दोन मिनिटांत झालं. मग 'अमानुष' लिहावं की 'पाशवी' यात माझा पाऊण तास गेला. शेवटी दोन्ही लिहिलं. आक्कांनी सही केली, मी अर्ज कामगार खात्याच्या कचेरीत देऊन आले आणि त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला.

सुनावणीला एका बाजूला आम्ही दोघी, समोर कंपनीचे वकील, ठेकेदाराचा माणूस आणि तोच सुपरवायझर. मधे अधिकारी, वयस्कर, शांत. वकिलांनी माझा अर्ज वाचला, तारखेखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि म्हणाले, "साहेब, या तारखेला गुरुवार होता."

एवढं पुरेसं होतं. या पट्ट्यात लहान मूलही सांगेल की गुरुवारी कारखाने बंद असतात. मी आकुर्डीत जन्मले, वडील माझे कारखान्यात होते, आमच्या घरी मटण रविवारी नाही, बुधवारी रात्री व्हायचं कारण दुसऱ्या दिवशी सुट्टी. आणि मी तारीख टाकली, वार बघितला नाही.

वकील म्हणाले, "बंद गेटवर कोणी कोणाला अडवलं, ते अर्जदारानं सांगावं."

अधिकाऱ्यांनी आक्कांना विचारलं, "बाई, गुरुवारी तुम्ही गेटवर गेला होतात?"

"न्हाई, साहेब. गुरुवारी कशाला जाऊ? गुरुवारी मी गोधड्या धुते."

"मग तुम्हाला कामावरून काढलं कधी?"

"परवा."

"परवा म्हणजे? आज मंगळवार."

"परवा म्हंजी परवा. गावात कांदं लावायच्या आधी."

ठेकेदाराचा माणूस तोंडावर रुमाल धरून हसला. गावात कांदे लावून तेव्हा महिना होत आला होता. वकिलांनी हात पसरले, म्हणजे बघा, यांना कालचं आज सांगता येत नाही आणि या म्हणे अकरा-बारा वर्षं काम केल्याचं सांगतात. मी उठून काहीतरी बोलणार होते, बहुतेक 'अमानुष' हाच शब्द. पण आक्कांनी मला मनगटाला धरून खाली बसवलं आणि सुपरवायझरकडे बोट केलं.

"साहेब, गेटवर कार्ड वाजंना म्हनून मी ह्यांच्याकडं गेले. हे म्हनले, आक्का, परवा या. मी परवा गेले. म्हनले, परवा या. परत गेले. म्हनले, परवा या. आठ येळा गेले मी. आता माझा परवा चुकीचा असंल तर ऱ्हाऊ द्या. पन ह्यांचा परवा कवा हाय ते तरी लिवून घ्या."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि सुपरवायझरकडे बघितलं. तो वहीत बघू लागला. खोलीत आता हसायची पाळी आमची होती.

त्यानंतर कंपनीवाल्यांनी आपसात कुजबूज केली आणि वकील म्हणाले, माणुसकी म्हणून बाईंना कामावर घेऊ. नवी नेमणूक, आजच्या तारखेपासून. तक्रार मागे घ्यायची, आणि आधी कधी काम केलं होतं असा दावा पुन्हा करायचा नाही. अधिकाऱ्यांनी आठवड्याची मुदत दिली आणि आक्कांना विचारलं, काय म्हणता?

"परवा सांगते," आक्का म्हणाल्या.

चाकणच्या बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. मी म्हटलं, "आक्का, चूक माझी झाली."

"व्हय. तुझीच झाली."

मग म्हणाल्या, "तू कवा म्हनून इचारलंस. कवाला मी काय सांगू? धोंड्यावरून इचारायचं."

"म्हणजे?"

"कितवा धोंडा, असं."

"मग हा कितवा?"

"एकोनिसावा. ह्योच तेवढा संपंना."

मी वही काढली. बस भोसरीच्या पुढे गर्दीत अडकली होती आणि आक्का बोटांची पेरं मोजत सांगत होत्या. पहिल्या धोंड्यात घरावर पत्रे टाकले. दुसऱ्यात दारात नळ घेतला. तिसऱ्यात थोरलीला बघायला पाहुणे आले. चौथ्यात लग्न, भटजींनी तीन मुहूर्त काढले होते, आक्कांनी ठेकेदाराच्या माणसाला विचारून त्यातला धोंड्यात पडणारा धरला. पाचव्यात मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, डोळ्याचं ऑपरेशन. सातव्यात थोरलीचं बाळंतपण. आठवा संपवून कामावर गेल्या तर शेजारच्या खुर्चीवर एक नवी पोरगी रडत बसली होती, ती मनीषा. अडखळल्या त्या फक्त बाराव्याला. मग मागच्या सीटवरच्या अनोळखी बाईकडे वळून म्हणाल्या, "बाई, थांबा जरा, आठवतंय," जणू तीच विचारत होती. बाराव्यात जाऊबाई वारल्या होत्या.

रोजच्या दिवसांचं त्यांना काही आठवत नव्हतं, आणि आठवणार तरी काय? चाळीस सेकंद, चाळीस सेकंद, चाळीस सेकंद. शेडमधल्या सात महिन्यांत एक दिवस दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. घरचं जे काही करायचं ते ब्रेकमध्येच व्हायचं, म्हणून तेवढे दिवस उभे राहिले होते, शेताच्या बांधावर दगड उभे असतात तसे. ज्या ब्रेकनं कंपनी त्यांची वर्षं पुसत होती, त्या ब्रेकवरच आक्कांनी ती रोवून ठेवली होती. एकोणीस वेळा सात महिने. अकरा वर्षं आणि वर काही महिने. मी गुणाकार करून दाखवला तर म्हणाल्या, "आसंल. मला कशाला दाखवतीस, त्या काळ्या कोटाला दाखव."

पुढचे पाच दिवस आक्का रोज खोलीवर येत होत्या, हातात साखरेच्या पोत्याची शिवलेली पिशवी. त्यातून लग्नपत्रिका निघाली, नळाची ग्रामपंचायतीची पावती निघाली, डोळ्याच्या ऑपरेशनचा कागद, बाळाच्या जन्माचा दाखला, जाऊबाईंच्या दशक्रियेची पत्रिका. प्रत्येकावर तारीख होती. नातलगांच्या सुखदुःखाचे कागद मी तारखेनुसार लावत गेले आणि त्यांच्यामधली अंतरं सात-सात महिन्यांची पडत गेली. दोन ठिकाणी आठ पडली. आक्का म्हणाल्या, तवा दिवाळीचा माल व्हता, ठेकेदारानं मयना जास्ती ठेवून घेतलं. एवढंच नाही. कुठली बाई कितव्या धोंड्याला आली, कुठलीला गरोदरपणाचा सातवा महिना लागल्यावर काढलं, हेही त्या सांगत होत्या. स्वतःच्या निमित्तानं त्या अख्ख्या लाइनची वर्षं सांगून बसल्या.

मी पत्रकं लिहिणारी बाई. मला वाटायचं, काळ म्हणजे तारीख. ज्याच्याकडे तारीख नाही त्याच्याकडे काही नाही. आता निवेदन घेताना मी आधी विचारते, तेव्हा घरात काय चाललं होतं. वार नंतर बघते, पण बघते.

आक्का आता नाहीत. मागच्या हिवाळ्यात छातीत दुखायला लागलं आणि दोन दिवसांत गेल्या. मनीषाचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला की बरं झालं, साक्ष आणि उलटतपासणी आधीच होऊन गेली होती. दुःख त्यानंतर वाटलं. संघटनेच्या कामानं माणसाचं असंही होतं. प्रकरण कोर्टात आहे. आक्कांच्या साक्षीवर आणि त्या कागदांवर आता मनीषासह अकरा जणींचे दावे उभे आहेत. निकाल लागलेला नाही.

अधिकाऱ्यांनी दिलेल्या त्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी आक्का खोलीवर आल्या तेव्हा टेबलावर दोन कागद होते. एक कंपनीनं पाठवलेला करार: सही केली की सोमवारपासून कामावर, रुजू तारीख सोमवारची. दुसरा आमचा, कोर्टात जाण्याचा, एकोणीस धोंड्यांचा. आमच्यावर सही म्हणजे घरी बसणं. शेत उरलं नव्हतं, मालकांना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, मुलगाही ठेकेदारीतच होता. मी सही करा म्हणाले नाही. इतक्या पत्रकांत लोकांना लढा म्हटलंय, त्या दिवशी माझ्या तोंडून निघेना.

"तुमच्यावर सही केली तर निकाल कवा लागंल?"

"तीन वर्षं. चार. जास्तही."

"परवाच म्हन की."

मी हसले नाही. "आक्का, खरं सांगते. निकाल लागेल तेव्हा तुमची निवृत्तीची अठ्ठावन्न होऊन गेलेली असतील. तुम्हाला त्याचा काही उपयोग व्हायचा नाही. आणि ही सही केली तर सोमवारी काम आहे."

"सोमवारी मी नवी व्हनार. मनीषापेक्षा बी नवी. तिनं मला शिकवायचं मंग, वायर कशी धरायची."

खालून लोकल गेली, खोलीतली कपाटं थरथरली. आक्का गाडी जाईपर्यंत थांबल्या.

"मनीषाचं वय काय हाय गं?"

"बत्तीस."

त्यांनी ओठ हलवत काहीतरी बेरीज केली, एकदा, आणि खात्री करायला पुन्हा एकदा.

"मंग पुरंल तिला," म्हणाल्या, आणि आमचा कागद आपल्याकडे ओढला.